आकडे थंडीचे, खिडकी उन्हाची

घराला खिडक्या बसवणे हा आता आकड्यांचा व्यवहार झाला आहे. यूपीव्हीसी किंवा अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या दुकानात गेले की गुळगुळीत माहितीपत्रक हातात पडते आणि त्यात यू-मूल्य, एसएचजीसी, व्हीएलटी, लो-ई, आर्गॉन अशा शब्दांची रांग असते. विक्रेता बहुधा त्यातल्या एकाच आकड्यावर बोट ठेवतो. यू-मूल्य जितके कमी तितकी खिडकी भारी, आणि तितकी विजेची बचत. हे विधान खोटे नाही. पण ज्या हवामानात ते जन्माला आले तिथे ते जितके खरे आहे तितके मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत नाही. मानांकन म्हणजे खिडकीच्या अंगचा गुण, असे आपण गृहीत धरून चालतो. प्रत्यक्षात कोणतेही मानांकन एका विशिष्ट हवामानाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न बदलला की पहिल्या वर्गात पास झालेली तीच खिडकी काठावर येऊ शकते. महाराष्ट्र-गोव्यातल्या बहुतेक घरांसाठी हे आकडे वाचण्याचा योग्य क्रम दुकानात सांगतात त्याच्या जवळजवळ उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी आकड्यांची ओळख. खिडकीच्या एका चौरस मीटरमधून, आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता पलीकडे जाते ते यू-मूल्य सांगते. सहा मिलिमीटरच्या साध्या एकेरी काचेचे ते ५.८ च्या आसपास असते. दोन काचांमध्ये बारा मिलिमीटर हवेची पोकळी ठेवली की २.८ पर्यंत उतरते. त्यातल्या एका काचेवर लो-ई, म्हणजे उष्णतेचे किरण परतवणारा, लेप दिला आणि पोकळीत आर्गॉन भरला तर १.१ ते १.३. तीन काचांची खिडकी याच्याही खाली जाते. भिंतीच्या निरोधकांसाठी वापरले जाणारे आर-मूल्य हे याचेच व्यस्त, त्यामुळे ते जास्त असलेले चांगले. दुसरा आकडा एसएचजीसी, युरोपात याला जी-मूल्य म्हणतात. काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेपैकी किती हिस्सा घरात येतो, हे तो शून्य ते एक या मापात सांगतो. साध्या काचेचा तो ०.८२ च्या घरात असतो, म्हणजे शंभरातले ब्याऐंशी वॅट आत. तिसरा व्हीएलटी, दिसणाऱ्या प्रकाशाचा आत येणारा हिस्सा. चौथा हवेच्या गळतीचा, ज्याकडे आपल्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. या सगळ्यांत एककांचा एक सापळा आहे. अमेरिकी लेबलवर यू ०.३० लिहिलेले असते ते ब्रिटिश थर्मल युनिट, चौरस फूट आणि फॅरनहाइटमध्ये. आपल्या एककांत त्याचे १.७ होतात. दोन माहितीपत्रके शेजारी ठेवून ०.३० ही १.७ पेक्षा पाचपट चांगली खिडकी आहे असे समजणारा ग्राहक एकाच दर्जाच्या दोन खिडक्यांची तुलना करत असतो.

दुहेरी काचेची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत थॉमस स्टेट्सन यांनी तिचे पेटंट १८६५ मध्ये घेतले. थर्मोपेन या नावाने ती विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकी घरांत रुळली. पण खिडकीला आकड्यांची शिस्त लागली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. घरे गरम ठेवण्याचा खर्च अचानक डोळ्यांवर आला, कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेसारख्या संस्थांनी खिडकीतून पळणाऱ्या उष्णतेचा पाठपुरावा सुरू केला, आणि ऐंशीच्या दशकात लो-ई लेप बाजारात आले. उत्पादकांचे दावे एकमेकांशी जुळेनात म्हणून १९८९ मध्ये अमेरिकेत नॅशनल फेनेस्ट्रेशन रेटिंग कौन्सिल, म्हणजे एनएफआरसी, स्थापन झाली. आजच्या लेबलचा साचा तिचा. तिच्या पद्धतीत यू-मूल्य काढताना बाहेरचे तापमान उणे १८ अंश आणि आतले २१ अंश धरतात, वर सेकंदाला साडेपाच मीटर वेगाचा वारा. एकोणचाळीस अंशांचा फरक! शिकागोच्या जानेवारीतली ही रात्र आहे. घर विचारते आहे की माझी ऊब कशी राखशील. एसएचजीसी मात्र ३२ अंशांच्या उन्हाळी दिवसासाठी काढतात. म्हणजे एकाच लेबलवरचे दोन आकडे दोन ऋतूंचे आहेत, आणि त्यांतला जो आपल्याला मोठ्याने ऐकवला जातो तो आपल्या वाट्याला कधीच न येणाऱ्या ऋतूचा.

ब्रिटनचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या खिडक्यांना ए-डबल-प्लसपासून खाली जाणाऱ्या श्रेणी मिळतात आणि त्या एका सरळ सूत्रातून निघतात. जी-मूल्याला २१८.६ ने गुणायचे, त्यातून यू-मूल्य आणि गळती यांच्या बेरजेची ६८.५ पट वजा करायची. वर्षाकाठी चौरस मीटरमागे खिडकी किती युनिट कमावते किंवा गमावते, ते उत्तर. शून्य किंवा वर असेल तर ए. चिन्हे नीट पाहावीत. उन्हाची उष्णता तिथे अधिक बाजूला आहे. दोन खिडक्यांचे यू-मूल्य सारखे असेल तर जास्त ऊन आत घेणारी वरची श्रेणी मिळवते. कॅनडाच्या एकत्रित मानांकनातही ऊन मिळकतीच्या बाजूलाच मोजतात. एकट्या अमेरिकेत हवामान इतके वेगवेगळे की एनर्जी स्टार ही योजना देशाचे चार पट्टे पाडते. २०२३ पासून लागू झालेल्या निकषांत उत्तर पट्ट्यात यू अमेरिकी एककांत ०.२२ च्या आत हवा आणि एसएचजीसी निदान ०.१७ हवा, म्हणजे ऊन फार अडवणारी खिडकी नको. दक्षिण पट्ट्यात यू ०.३२ पर्यंत चालते, पण एसएचजीसी ०.२३ च्या वर गेलेला चालत नाही. न्यू जर्सीत किंवा टोरंटोत स्थायिक झालेल्या भावाने आवर्जून सुचवलेली खिडकी पुण्या-मुंबईच्या घरात का शोभत नाही, याचे उत्तर या दोन ओळींत आहे. ज्या फ्लॉरिडाशी आपले ऊन थोडेफार जुळते, तिथला नियम सल्ला देणाऱ्याने वाचलेला नसतो.

आता आकडेमोड मुंबईत आणू. दोन चौरस मीटरची पश्चिमेची खिडकी, एप्रिलची दुपार, बाहेर ३३ अंश, आत एसीने राखलेले २५. साध्या काचेतून तापमानाच्या फरकामुळे येणारी उष्णता ५.८ गुणिले ८ गुणिले २, म्हणजे साधारण ९३ वॅट. त्याच वेळी काचेवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडत असेल, आणि पश्चिमेच्या भिंतीवर तेवढे सहज पडते, तर ०.८२ च्या हिशेबाने आत येतात सुमारे ९८० वॅट. एकास दहा. साध्या काचेच्या जागी साधी दुहेरी काच बसवली, तर पहिल्या भागातले ४८ वॅट वाचतात आणि एसएचजीसी ०.७२ च्या आसपास आल्याने दुसऱ्या भागातले सव्वाशेच्या जवळपास. उलट काच एकेरीच ठेवून ऊन निम्म्याने अडवले तर ४९० वॅट वाचतात. एसीच्या भाषेत सांगायचे तर एवढी उष्णता बाहेर फेकायला यंत्राला साधारण १४० वॅट वीज लागते. दुहेरी काचेच्या पोकळीने, म्हणजे ज्या गुणासाठी ती विकली जाते त्याने, वाचवलेली वीज चौदा वॅटच्या आसपास भरते.

हा निष्कर्ष एका खिडकीच्या एका दुपारपुरता नाही. देशाच्या नियमातच तो लिहून ठेवला आहे. ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' जाहीर केली, ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या बांधकामांसाठी. तिचा गाभा म्हणजे आरईटीव्ही हा आकडा: छत सोडून घराच्या बाहेरच्या भिंती-खिडक्यांच्या प्रत्येक चौरस मीटरमधून आत येणाऱ्या उष्णतेचा सरासरी दर. थंड प्रदेश वगळता तो १५ वॅटच्या आत असला पाहिजे. सूत्रात तीन पदे आहेत. भिंतींच्या यू-मूल्याला एक गुणक, काचेच्या यू-मूल्याला दुसरा आणि काचेच्या एसएचजीसीला तिसरा. उष्ण-दमट हवामानासाठी, ज्यात मुंबई, कोकण आणि गोवा येतात, हे गुणक अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१ आहेत. साध्या काचेचे आकडे यात घातले की काचेतून तापमानफरकाने येणाऱ्या उष्णतेचे वजन साडेसातच्या आसपास निघते आणि उन्हाचे त्रेपन्न. सातपट. शिवाय प्रत्येक बाजूला दिशेचा गुणक आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला उत्तरेचा ०.६६ आणि पश्चिमेचा १.१६, म्हणजे तीच काच उत्तरेला असताना जितका भार टाकते त्याच्या पावणेदोन पट पश्चिमेला. कार्यालये आणि व्यापारी इमारतींसाठीची २०१७ ची संहिताही त्याच वाटेने जाते. तिथे यू-मूल्याला ३ ची मर्यादा पुरते, पण उत्तर सोडून इतर दिशांना एसएचजीसी ०.२७ च्या आत लागतो.

सूत्र हातात आहे तर ते चालवून पाहू. एका मध्यम इमारतीचा विचार करा: विटांच्या भिंती, यू-मूल्य २ च्या आसपास, बाहेरच्या पृष्ठभागाचा पाचवा हिस्सा काचेचा, दिशेचा गुणक सोयीसाठी एक धरू. भिंतींचे ८.२, काचेच्या यू-मूल्याचे १.५, उन्हाचे १०.७. बेरीज २०.४, म्हणजे नापास. सगळीकडे साधी दुहेरी काच बसवली तर १८.४, तरीही नापास. काच एकेरीच ठेवून छज्जा, झडपा किंवा लेप यांनी एसएचजीसी ०.४ वर आणला, तर बेरीज पंधराला टेकते आणि इमारत काठावर का होईना पास होते. आणि खिडकीला हातही न लावता विटांऐवजी सच्छिद्र एएसी ब्लॉकची भिंत घेतली, यू ०.८ च्या घरातली, तर बेरीज साडेपंधरावर येते. मुंबई-ठाण्यात आज उंच इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यात एकसंध काँक्रीट ओतून उभ्या राहतात, ज्याला साइटवर सरसकट मायवन म्हणतात. दीडशे मिलिमीटरच्या त्या काँक्रीट भिंतीचे यू-मूल्य साडेतीनच्या आसपास असते. वरच्या हिशेबात ती भिंत एकटीच चौदाच्या पुढे खाऊन टाकते. अशा इमारतीत आर्गॉन भरलेली खिडकी बसवणे म्हणजे भोक पडलेल्या हंड्याला चांदीचे झाकण करून घेणे आहे. खिडकीच्या मानांकनावर बोलताना भिंतीचा विषय काढला की विक्रेत्याला ते विषयांतर वाटते. घराला वाटत नाही.

ऊन अडवायची जागा काचेच्या बाहेर आहे, आत नाही. किरण एकदा आत आले की पडदा त्यातले थोडे परतवतो, बाकीच्यांनी स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीलाच देतो. बाहेरची सावली मात्र उन्हाला काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. दक्षिणेच्या खिडकीसाठी याची भूमिती आपल्या अक्षांशाला फारच अनुकूल आहे. मुंबई एकोणीस अंशांवर. मार्च आणि सप्टेंबरच्या संपातदिनी दुपारी सूर्य ७१ अंशांवर असतो, तेव्हा साठ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन फुटांचा छज्जा पावणेदोन मीटरपर्यंत सावली टाकतो. सगळी खिडकी झाकली. डिसेंबरात सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर येतो आणि सावली पासष्ट सेंटिमीटरवर आखडते, थंडीतले ऊन हवे तेव्हा आत येते. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर मुंबईत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊनच लागत नाही. पश्चिमेची गोष्ट निराळी. तीस अंशांवर उतरलेला सूर्य समोरून येतो, आणि तोच दोन फुटांचा छज्जा जेमतेम पस्तीस सेंटिमीटर झाकतो. तिथे उभ्या पट्ट्या, बाहेरून सोडायच्या चिका, झडपा किंवा झाडच हवे. कोकणातल्या पडवीने आणि खोल उतरत्या छपराने हे काम पिढ्यान्पिढ्या केले. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना शिंपल्यांची पातळ तावदाने असत. त्यांतून प्रकाश गाळून, मऊ होऊन येई आणि डोळ्यांवर तिरीप येत नसे. या गोष्टींचे गोडवे गाण्याचा इथे हेतू नाही. इको-निवास संहिता काचेच्या एसएचजीसीला सावलीच्या गुणकाने कमी करून घेते, म्हणजे छज्ज्याला मानांकनात रोख गुण आहेत, एवढेच दाखवायचे आहे. काचेच्या माहितीपत्रकात हे गुण कधीच दिसणार नाहीत, कारण छज्जा काचवाला विकत नाही.

दुसरा गुण, जो कोणत्याच आयात लेबलवर नाही, तो खिडकी किती उघडते याचा. शीत प्रदेशात खिडकीचा आदर्श म्हणजे घट्ट बंद राहणे. दमट किनाऱ्यावर अंगावरचा घाम वाळायला वारा लागतो, आणि वर्षातले बरेच महिने मोकळी खिडकी हीच वातानुकूलनाची सर्वांत स्वस्त सोय असते. संहितेने उष्ण-दमट प्रदेशात घराच्या कार्पेट एरियाच्या निदान १६.६६ टक्के इतके उघडणारे क्षेत्र मागितले आहे, उष्ण-कोरड्या प्रदेशात १० टक्के. साठ चौरस मीटरच्या घराला दहा चौरस मीटर. आता बाजारात सर्वाधिक खपते ती दोन ट्रॅकची सरकती खिडकी, आणि ती निम्मीच उघडते. तीन ट्रॅकची दोन तृतीयांश. बिजागरीवर फिरणारी जवळजवळ पूर्ण, संहिता ती ९० टक्के धरते. म्हणजे सरकत्या खिडक्यांनी दहा चौरस मीटर वारा मिळवायचा तर वीस चौरस मीटर काच लावावी लागेल, आणि त्या वाढीव काचेतून येणारे ऊन वेगळे. बिजागरीची खिडकी ग्रिलमुळे बाहेर उघडता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण ती ग्रिलची रचना बदलून सुटते, काच बदलून नाही.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा की हा सगळा हिशेब जुन्या घराचा आहे. शहरात एसी घरोघरी शिरला आहे, उघड्या खिडकीचे दिवस सरले, आणि बंद खोलीला यू-मूल्य लागणारच. आक्षेपातला पहिला भाग बरोबर आहे. पण घरातला एसी बहुतेक रात्री चालतो. मुंबईच्या उन्हाळी रात्री बाहेर २८ आणि आत २५ असताना दोन चौरस मीटरच्या एकेरी काचेतून येतात पस्तीस वॅट. खोलीत झोपलेला एक माणूस याच्या दुप्पट उष्णता देतो. रात्रीच्या एसीला खरा जाच होतो तो फटींतून शिरणाऱ्या दमट हवेचा, कारण ती हवा थंड करण्याआधी तिच्यातले पाणी काढावे लागते. पावसाळ्यात हा भार विशेष. म्हणून एसीच्या खोलीसाठी चौथा आकडा, गळतीचा, यू-मूल्याच्या आधी विचारला पाहिजे, आणि ब्रशच्या पट्टीवर घासत सरकणारी खिडकी तिथेही रबरी पट्टीवर दाबून बसणाऱ्या बिजागरीच्या खिडकीपुढे हरते. शिवाय दिवसभर भिंतींनी साठवलेले ऊन रात्री बाहेर निघत असते. दिवसा अडवलेल्या उन्हाने रात्रीच्या एसीचे कामही हलके होते.

दुसरा आक्षेप विदर्भातून येतो आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. नागपूरला मे महिन्यात बाहेर ४४ आणि आत २६, अठरा अंशांचा फरक. एकेरी काचेतून चौरस मीटरला १०४ वॅट, दुहेरीतून ५०. हा फरक किरकोळ म्हणता येत नाही, आणि तो संध्याकाळी ऊन उतरल्यावरही टिकतो. संहितेनेही हे मान्य केले आहे: नागपूर ज्या संमिश्र हवामानात मोडते तिथे काचेच्या यू-मूल्याचा गुणक १.३१ वरून १.८५ वर चढतो. पण उन्हाचा गुणकही ६९ च्या जवळ जातो, त्यामुळे सातास एकचे प्रमाण पाचास एकवर येते, उलटे होत नाही. तेव्हा नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या एसी घरात सावलीची सोय झाल्यावर दुहेरी काचेवर खर्च करावा, हे मी मान्य करतो. मात्र विदर्भातल्या असंख्य घरांत एसी नाही, कूलर आहे, आणि तो खिडकीतच बसवलेला असतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. ती दुसरीकडून बाहेर पडली नाही तर खोली तासाभरात चिकचिकीत होते. जिथे एक खिडकी कूलरने अडवलेली आणि दुसरी मुद्दाम उघडी ठेवलेली आहे, तिथे यू-मूल्य आणि गळती हे दोन्ही आकडे कागदावरच राहतात. त्या खोलीला वाळ्याचा पडदा आणि बाहेरची सावली कोणत्याही लेपापेक्षा जास्त देते.

तिसरा आक्षेप अंधाराचा. ऊन अडवले की प्रकाशही गेला, मग दिवसा दिवे लावायचे, त्यात कसली बचत? गडद रंगाची किंवा आरशासारखी काच वापरली तर असेच होते, आणि स्वस्तातली फिल्म चिकटवली तरीही. पण उन्हातली उष्णता आणि उजेड एकच नव्हेत. सूर्याच्या ऊर्जेचा निम्म्याहून थोडा कमी भाग दृश्य प्रकाशात असतो, बाकी बहुतांश डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत. चांदीचे अतिसूक्ष्म थर असलेला लेप अवरक्त परतवतो आणि प्रकाश येऊ देतो. त्यामुळे व्हीएलटी ०.५ आणि एसएचजीसी ०.२८ असे जोड मिळू शकतात. काच निवडताना पहिल्याला दुसऱ्याने भागावे, भागाकार जितका एकाच्या वर तितकी काच शहाणी. संहितेने घरासाठी व्हीएलटीची खालची मर्यादाही घातली आहे: काचेचे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत असेल तर निदान ०.२७. इथे दुहेरी काचेच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा निघतो, जो विक्रेते क्वचितच सांगतात. चांदीचे हे नाजूक लेप उघड्या हवेत टिकत नाहीत, त्यांना बंद पोकळीतच ठेवावे लागते. म्हणजे चांगला लेप हवा असेल तर दुहेरी काच ओघानेच येते. ज्याच्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करणे शक्यच नाही, अशा विसाव्या मजल्यावरच्या घराला ती घेण्याचे हे खरे कारण आहे. पोकळीचा फायदा वरकड. आवाजाच्या नावाखाली होणारी विक्री मात्र संशयाने पाहावी. दोन सारख्या जाडीच्या काचा आणि मध्ये अरुंद पोकळी यांनी रस्त्याचा गोंगाट अपेक्षेइतका कमी होत नाही. लॅमिनेटेड काच आणि घट्ट बसणारी चौकट ते काम अधिक चांगले करतात.

राहिला प्रश्न छापलेल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा याचा. एनएफआरसीचे लेबल चौकटीसकट संपूर्ण खिडकीचे असते. आपल्याकडच्या माहितीपत्रकात बहुतेकदा काचेच्या मध्यभागाचा आकडा असतो, कारण तो काच-कारखान्याकडून तयार मिळतो. अॅल्युमिनियम उष्णता नेण्यात यूपीव्हीसी किंवा लाकडाच्या हजारपटीच्या आसपास आहे. मध्ये पॉलिअमाइडची तोड नसलेल्या अॅल्युमिनियमच्या चौकटीत १.३ ची काच बसवली तर खिडकी १.३ ची राहत नाही, पुष्कळ वर जाते. जुन्या पत्रकांत शेडिंग कोएफिशंट दिलेला असतो. त्याला ०.८७ ने गुणले की एसएचजीसी मिळतो. कुणी तोच आकडा एसएचजीसी म्हणून पुढे केला, तर त्याची खिडकी आहे त्याहून वाईट दिसेल, आणि उलट केले तर चांगली. म्हणून विचारायचे ते असे: हा आकडा काचेचा की खिडकीचा, कोणत्या एककात, कोणत्या पद्धतीने मोजलेला, आणि पोकळीची सील फुटून आत धुके धरले तर किती वर्षांपर्यंत कोण बदलून देणार. शेवटचा प्रश्न किनाऱ्यावर अधिक महत्त्वाचा. दमट हवेत सीलमध्ये बारीक फट पडली तरी ओलावा शिरतो, आतल्या पट्टीतली शोषक पूड भिजून निकामी होते, आणि मग काच पुसून साफ होत नाही, अख्खे युनिट बदलावे लागते.

या सगळ्यात रहिवाशाच्या हातात जे उरते ते थोडे आहे. खिडकी कोणत्या दिशेला, केवढी, छज्जा आहे की नाही, भिंत कशाची, हे सारे नकाशा मंजूर होतानाच ठरते, आणि एसएचजीसीचे भवितव्यही तिथेच. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारती संहितेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी झाली. पण संहिता पाळायला लावण्याची सक्ती राज्याच्या अधिसूचनेतून आणि पालिकेच्या बांधकाम नियमांतूनच येते. तयार घरात राहणाऱ्याने आधी पश्चिमेची आणि पूर्वेची काच धरावी, तिच्या बाहेर सावली करता येते का ते पाहावे. त्यासाठी बहुतेक ठिकाणी सोसायटीची परवानगी लागते, आणि दर्शनी भाग बिघडतो म्हणून ती नाकारली जाते. मग फटी बुजवाव्यात, मग लेपाच्या काचेचा विचार करावा, आणि यू-मूल्याची घासाघीस अगदी शेवटी. सोसायटीच्या सभेत बाहेरच्या चिकांचा रंग आणि माप एकसारखे ठरवून त्यांना मुभा देणारा एक ठराव झाला, तर त्या इमारतीच्या विजेच्या बिलात जो फरक पडेल तो दुकानातल्या सर्वांत महाग काचेने पडायचा नाही.